घरी अंथरुणावर असलेल्या रुग्णाची स्वच्छता आणि घरातली सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर, बळावलेला कर्करोग, मोठं ऑपरेशन किंवा नुसतं वय. कारण कोणतंही असो, डिस्चार्जच्या दिवशी हातात फाइल आणि गोळ्यांची पिशवी येते. अंग कसं पुसायचं, कुशीवर कसं वळवायचं, बाथरूमपर्यंत कसं न्यायचं हे मात्र घाईघाईत सांगितलं जातं आणि घरी येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. घरोघरी रुग्णसेवा शिकवताना जे प्रश्न मला सतत विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे: अंग पुसायची वेळ ही अंग नीट पाहायची वेळ आहे. लाल डाग, सूज, ओल, नवा वास, कमी झालेली लघवी, सगळं तेव्हाच नजरेस पडतं. आणि तेव्हा सापडलं तर बहुतेक वेळा घरच्या घरी आवरता येतं.

रोज अंघोळ घालायलाच हवी का?

संपूर्ण अंघोळ रोज नसली तरी चालते. वयस्कर माणसाची कातडी पातळ आणि कोरडी असते. रोज साबण लावला तर ती आणखी कोरडी पडते, खाज सुटते आणि खाजवून जखमा होतात. उन्हाळ्यात रोज आणि थंडीत एक दिवसाआड सगळं अंग पुसलं तरी पुरे. तोंड, हात, काखा, जांघा आणि गुप्तांगं मात्र रोज स्वच्छ झालीच पाहिजेत. शी झाली की त्याच वेळी साफ करायचं, ‘सकाळी बघू’ चालत नाही. आणि पुसा किंवा न पुसा, पाठ आणि टाचा रोज बघायच्या.

पलंगावरच अंग पुसायची नीट पद्धत कोणती?

आधी सगळं सामान हाताशी घ्या, म्हणजे ओल्या अंगाच्या माणसाला सोडून टॉवेल शोधायला जावं लागत नाही. दोन भांडी पाणी (एक साबणाचं, एक साधं), जुन्या मऊ पंचाचे चार-पाच तुकडे, कोरडा टॉवेल, धुतलेले कपडे, खोबरेल तेल. खिडक्या लावा, पंखा बंद करा. पाणी कोमट आहे ना, हे बोटांनी न पाहता कोपर बुडवून पाहा. दिवसभर भांडी घासणाऱ्या बोटांना गरम पाणी कमीच गरम वाटतं.

अंगावर चादर असू द्या आणि जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करा. सुरुवात डोळ्यांपासून, तीही साबणाशिवाय. नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाकडे एकदा पुसायचं आणि दुसऱ्या डोळ्याला पंचाची दुसरी बाजू वापरायची. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय. त्यानंतर कुशीवर वळवून पाठ. गुप्तांगं सर्वांत शेवटी, आणि त्यासाठी पाणी आणि फडकं दोन्ही नवं. स्त्रियांना नेहमी पुढून मागे पुसायचं, नाहीतर शीमधले जंतू लघवीच्या मार्गात जातात. पुरुषांची पुढची कातडी हलकेच मागे घेऊन स्वच्छ करायची आणि आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. हे फार कमी घरांत सांगितलेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

साबण साध्या पाण्याने पूर्ण निघाला पाहिजे. टॉवेलने घासू नका, टिपा. स्तनांखाली, पोटाच्या घडीत, जांघेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की तिथे बुरशी धरते. पावडर तिथे टाकू नका. घामाने तिचे गोळे होतात आणि कातडी सोलते. पुसायच्या पाण्यात डेटॉल घालायची किंवा पाठीला स्पिरिट चोळायचीही गरज नाही. दोन्हींनी कातडी सुकते.

सासऱ्यांचं, वडिलांचं अंग पुसायला संकोच वाटतो. त्यांनाही वाटतो. काय करावं?

संकोच दोन्हीकडे असणारच, आणि त्यांचा तुमच्यापेक्षा मोठा असतो. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याला आज लंगोटासाठी दुसऱ्याची वाट बघावी लागते. म्हणून हात लावण्याआधी सांगा: ‘बाबा, आता पाठ पुसते हं.’ दार लावून घ्या. जमेल तेवढं त्यांनाच करू द्या. एक हात चालत असेल तर साबणाचं फडकं त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही तोंड फिरवून उभ्या राहा, खालचं ते स्वतः पुसतील. मुलगा, भाऊ किंवा पुरुष मदतनीस शक्य असेल तर तशी वाटणी करा. आणि पाहुण्यांसमोर ‘आज शी झाली का’ हा विषय काढू नका. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसासमोरही नको, कारण ऐकू येत असण्याची शक्यता असते.

माणूस पलंगावर असताना चादर कशी बदलायची?

एकदा हाताला वळण लागलं की पाच मिनिटांचं काम आहे. रुग्णाला तुमच्याकडे पाठ करून कुशीवर वळवा. समोरून दुसऱ्या कुणीतरी त्यांना धरून ठेवायचं किंवा त्या बाजूला कठडा हवा. पाठीमागची मळकी चादर लांबीच्या दिशेने गुंडाळत पाठीपर्यंत आणा, मळकी बाजू आत. धुतलेली चादर अर्धी अंथरा, उरलेली अर्धी तशीच गुंडाळून मळक्या गुंडाळीला चिकटवून ठेवा. आता रुग्णाला या दोन्ही गुंडाळ्यांवरून दुसऱ्या कुशीवर वळवा, मळकी ओढून काढा, स्वच्छ चादर पसरा आणि ताणून गादीखाली खोचा. सुरकुती ठेवू नका; तासन्‌तास एकाच जागी पडलेल्या माणसाला ती टोचते. बिस्किटाचा चुरा, निघालेलं बटण, सिरिंजचं टोपण अंगाखाली राहिलं नाही ना, हे हात फिरवून पाहा.

वरून एक आडवी चादर घाला, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी. रुग्ण पायथ्याकडे घसरला की दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून उचलत वर सरकवायचं. काखेत हात घालून ओढलं की पाठीची कातडी गादीवर घासते, आणि पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा निसटू शकतो.

बेडसोर होऊ नयेत म्हणून नक्की काय करायचं?

बेडसोर म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम. या एका प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण ती एकदा खोल गेली की भरायला महिने लागतात, आणि ती तिथवर जायला मात्र काही दिवस पुरतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि आतलं मांस मरू लागतं. त्यात ओल आणि घासणं आलं की वेग वाढतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, कुशीवर झोपणाऱ्याचा कान, या जागा रोज पाहायच्या. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही.

लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून तीन सेकंद धरा आणि सोडा. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त अजून फिरतं आहे. त्या जागेवरचा भार काढला की डाग जाईल. दाबूनही लालच राहिली तर तो बेडसोरचा पहिला टप्पा समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हाताने तपासा: शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, कडक, किंवा जांभळट वाटते का?

सर्वसाधारणपणे दर २ तासांनी कूस बदलायची. पाठ, डावी, पाठ, उजवी, असा कागद भिंतीला लावा आणि वेळ लिहा. घरात तीन माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं. पूर्ण आडव्या कुशीवर खुब्यावर सगळा भार येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलवा. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. खुर्चीत बसवलं तर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पुढे झुकवून भार हलवा आणि एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त बसवू नका.

लाल झालेल्या जागेवर मालिश करू नका. लोकांना हे पटत नाही, पण खाली आधीच दुखावलेलं मांस चोळल्याने आणखी फाटतं. भोक असलेली गोल रबरी चकतीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. कातडी फुटलीच तर हळद, राख, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही न लावता सलाइनने धुवा, स्वच्छ ड्रेसिंग ठेवा आणि डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. खाण्यात प्रथिनं हवीत: अंडं, डाळ, दूध, पनीर, मासे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

एअर मॅट्रेस घेतली आहे. आता कूस बदलायची गरज नाही ना?

आहे. गादीने दाब वाटला जातो, नाहीसा होत नाही. पंप चालू आहे का आणि गादी फुगलेली आहे का हे रोज पाहा. वीज गेली की ती खाली बसते. तिच्यावर जाड गोधड्या आणि चार पदरी चादरी घातल्या तर उपयोग उरत नाही. एक पातळ चादर पुरे.

तोंडाची स्वच्छता कशी ठेवायची? काही खात नसतील तरी करायची?

खात नसतील तर जास्तच करायची. नाकातून नळीने अन्न जाणाऱ्या रुग्णाचं तोंड कोरडं पडतं, जिभेवर थर साचतो आणि तिथले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ साफ करा. चूळ भरता येत नसेल तर पाणी ओतू नका. डोकं एका कुशीला वळवा आणि ओल्या, पिळलेल्या गॉजने पुसून घ्या. दातांमध्ये बोट घालू नका, नकळत चावलं जातं. कवळी रात्री काढून घासायची आणि पाण्यात ठेवायची. ओठांना थोडं तूप किंवा व्हॅसलिन लावा, मात्र ऑक्सिजन चालू असेल तर ते का नको हे पुढे सांगितलं आहे.

केस आणि नखं?

केस आठवड्यातून एकदा पलंगावरच धुता येतात. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, त्यावर प्लास्टिकचा कागद, कागदाचं टोक खाली बादलीत. नखं अंघोळीनंतर मऊ असताना सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. मधुमेह असेल तर पायाची नखं कानसने घासलेली बरी. मधुमेहात किंवा पक्षाघातात बधिर झालेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका. भाजलेलं त्यांना कळत नाही.

लघवीची नळी घातली आहे. काय जपायचं?

पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. चालवताना, खुर्चीत बसवताना लोक ती हातात उंच धरतात किंवा मांडीवर ठेवतात, आणि पिशवीतली लघवी उलटी आत जाते. नळीला पीळ पडू देऊ नका, मांडीला चिकटपट्टीने बांधा. नळी जिथे आत जाते ती जागा रोज साबण-पाण्याने धुवा. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका. पाणी पिण्यावर डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल तर भरपूर द्या. पिशवीत तासन्‌तास काही येत नाही आणि ओटीपोट फुगलं आहे, लघवी लाल किंवा गढूळ आहे, थंडी वाजून ताप आला आहे, तर थांबू नका. नळी घरच्यांनी बदलायची नसते.

डायपर बरा की बेडपॅन?

ज्यांना सांगता येतं त्यांना बेडपॅन, युरिन पॉट किंवा कमोड खुर्ची द्या. केवळ आपल्या सोयीसाठी डायपर बांधला की माणूस सांगणंच सोडून देतो. दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर आपणहून विचारा. डायपर लागतोच, तर तो ‘भरेपर्यंत’ ठेवू नका. शी झाली की लगेच काढा आणि लघवीसाठी दर तीन-चार तासांनी बघा. दिवसात थोडा वेळ खाली फक्त अंडरपॅड ठेवून जागा मोकळी राहू द्या. कातडी लाल व्हायला लागली की झिंक ऑक्साइडचं मलम उपयोगी पडतं.

भरवताना ठसका लागतो.

आडवं ठेवून भरवू नका, पाणीसुद्धा पाजू नका. पूर्ण बसवा, हनुवटी किंचित खाली, लहान घास, आधीचा गिळला की पुढचा. भरवून झाल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवा. पक्षाघातानंतर पाण्याचाच ठसका जास्त लागतो. तो वारंवार लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा, ओला येत असेल तर डॉक्टरांना सांगा. नाकातली नळी असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, आणि दर वेळी नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते आधी पाहा. नळी सरकलेली दिसली तर काहीही घालू नका, आत ढकलूही नका.

घरात पडू नयेत म्हणून काय बदल करावेत?

पुष्कळ जण पडतात ते रात्री, पलंग ते संडास या वाटेवर. म्हणून तीच वाट आधी पाहा. पायपुसणी, सतरंजीचे दुमडलेले कोपरे, पंख्याची वायर, उंबरा, फरशीवरचं पाणी. पायपुसणी काढाच, किंवा खाली न सरकणारी घ्या. उंबरा काढता येत नसेल तर त्यावर रंगीत पट्टी लावा. रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा. पलंग इतक्या उंचीचा हवा की कडेला बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकतील.

बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे दांडे हवेत. टॉवेलचा दांडा किंवा नळ हा आधार नाही. माणूस भार टाकतो आणि तो उपटून हातात येतो. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. कमोडची बैठक १७ ते १९ इंचांची असली तर उठणं सोपं जातं. अंघोळ उभ्याने नको, आणि पाटावरही नको, कारण पाटावरून उठतानाच तोल जातो. प्लास्टिकची हातवाली खुर्ची ठेवा, पायांना रबरी बूच असलेली. बादलीत आधी थंड पाणी, मग गीझरचं. आतून कडी लावू नये, हे ठरवून घ्या. हवं तर बाहेर ‘आत आहे’ अशी पाटी लटकवा.

झोपेतून उठल्यावर लगेच उभं राहू देऊ नका. रक्तदाबाच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताच रक्तदाब खाली येतो आणि चक्कर येते. दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसवा, पाय हलवायला सांगा, मग उठवा. घरातही मागे पट्टा असलेली चप्पल हवी, आणि साडी किंवा लुंगी घोट्याच्या वर.

इतकं करूनही पडलेच तर?

झटकन उचलू नका. आधी विचारा कुठे दुखतंय, दोन्ही पाय हलतात का. एक पाय आखूड दिसतो आहे आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी. जागचं हलवू नका आणि १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्याच.

घरी ऑक्सिजन चालू आहे. देवाजवळ दिवा लावला तर चालेल का?

त्या खोलीत नाही. समई, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, गॅस, विडी-सिगारेट, सगळं किमान ३ मीटर लांब आणि शक्यतो दुसऱ्या खोलीत. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण लागलेली ठिणगी भडकवतो, आणि चादरीत, कपड्यांत तो साठून राहतो. याच कारणाने नाकाला व्हॅसलिन, बाम, तेल लावू नका. पाण्यात विरघळणारं जेल मिळतं. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) भिंतीपासून फूटभर दूर, पडद्याआड नको. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीतलं पाणी रोज बदला.

आजी विसरतात, गॅस चालू ठेवतात.

सिलिंडरचा रेग्युलेटर वापरानंतर बंद ठेवायची सवय सगळ्या घराने लावून घ्या. गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात. बाहेरच्या दाराला उंचावर कडी.

मळलेले कपडे, डायपर, सुया यांचं काय करायचं?

मळलेली चादर झटकू नका. शी संडासात टाकून, कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कमोड, फरशी, पलंगाचे कठडे यांच्यासाठी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली घाला आणि दहा मिनिटं ठेवून पुसा. ते संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

डायपर गुंडाळून, कागदात बांधून वेगळा द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत सुरू केली, म्हणजे ती उघडून हात घालावा लागत नाही. ही पद्धत कोणत्याही गावात पाळता येईल. इन्सुलिनच्या सुया टोपण लावायच्या फंदात न पडता जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि बाटली भरली की दवाखान्यात विचारून तिथे द्या.

ब्युरोकडून मावशी घ्यावी की नर्स?

अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं यासाठी शिकलेली मावशी किंवा दादा पुरे. इंजेक्शन, नळ्या घालणं-बदलणं, मोठ्या जखमेचं ड्रेसिंग यासाठी नर्सच हवी, आणि तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पाहायला मागण्यात काही गैर नाही. मावशींना बसायला जागा, वेळेवर जेवण आणि झोपेचे तास द्या. बारा तास उभ्या असलेल्या बाईकडून रात्री कूस बदलली जात नाही. कर्करुग्णांसाठी पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) सेंटर १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं आणि घरच्यांनाही शिकवतं. मुंबईत वांद्र्याचं आणि गोव्यात लोटलीचं शांती अवेदना सदन हे बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना सांभाळणारं केंद्रही आहे.

उचलून उचलून माझीच पाठ गेली आहे.

पलंग तुमच्या कमरेच्या उंचीला आणा, निदान काम करताना तरी. कमरेत वाकू नका, गुडघे वाकवा, रुग्ण तुमच्या अंगाजवळ घ्या, पाय फाकवून उभ्या राहा. कमरेत पीळ देऊन वळू नका, पावलं फिरवा. एकटीने उचलायचंच नाही असा नियम करा. आठवड्यातून एक दिवस भावाबहिणींपैकी कुणीतरी यावं, हे मागून घ्या. न मागता कुणी येत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

डॉक्टरांना किंवा १०८ ला कधी फोन करायचा?

अचानक तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एक बाजू लुळी पडणं, श्वास लागणं, ओठ निळसर पडणं, छातीत दुखणं, हाक मारून डोळे न उघडणं, न थांबणारं रक्त: १०८. एक पोटरी सुजून गरम झाली असेल तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते. ताप, गुंगी, एकाएकी सुरू झालेली बडबड, जखमेला वास किंवा काळपट रंग, दिवसभर लघवी कमी, खाणं बंद, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. चालू गोळ्यांची यादी, ॲलर्जी आणि शेवटचा रिपोर्ट एका पिशवीत घालून पलंगाशेजारी अडकवून ठेवा, आणि फोनवर पत्ता सांगताना जवळची खूण सांगा.